मालिनीबाईंनी सुनेचा लॅपटॉप पुसला

बसा, बसा मंडळी. खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच राहा, फक्त डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं! पूर्वरंग आटोपला, बुक्का लागला, आता आख्यान. पण आख्यानाच्या आधी एक सवाल टाकतो तुमच्यापुढं. साधा सवाल आहे. उत्तर मात्र मला येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका, बुवांनी फसवलं!

सवाल असा — एखाद्याचं भलं करायचं झालं, तर त्याला विचारावं लागतं का?

हसताय? सोपं वाटतंय? तहानलेल्याला पाणी देताना कुणी विचारतं का हो, "देऊ का" म्हणून? पडलेल्याला उचलताना परवानगी घेतो का आपण? नाही घेत. मग? मग भलं हे भलंच. विचारायचं कशाला? — असंच वाटत होतं मलासुद्धा. तीस वर्षं याच पाटावर उभा राहून हेच सांगत आलो. आणि मग विट्याच्या एका बाईंनी मला गाठलं, आणि माझी बोलतीच बंद केली. त्यांचीच गोष्ट सांगतो. ऐका!

विट्यात पेठेत शेट्यांचं भांड्यांचं दुकान आहे. तांबं-पितळ, स्टील, लग्नाचं रुखवत, सगळं. दुकानात बसतात अण्णा शेटे आणि त्यांचा मुलगा निनाद. आणि घरात — मालिनीबाई. अण्णांच्या पत्नी. वय साठीला टेकलेलं. बाई कशा? तर स्वच्छ! म्हणजे किती स्वच्छ? यांच्या घरच्या पातेल्यात बघून कुंकू लावावं. मांजरसुद्धा यांच्या ओट्यावर चढताना पाय पुसून चढतं म्हणतात!

आता भांड्यांच्या दुकानातली बाई म्हटल्यावर तिला एक विद्या आलीच पाहिजे. कोणती? नव्या भांड्यावरचा कागद काढायची! सांगा बघू माऊल्यांनो, नवीन ताट आणलं, की त्याच्या मधोमध तो कंपनीचा कागद असतो की नाही? आणि तो निघतो का? नाही! नखानं खरवडा — अर्धा निघतो, अर्धा राहतो. मग तिथं काळं धरतं. जन्मभर त्या ताटात वरण वाढलं, की तो काळा डाग वर बघतो!

मालिनीबाईंच्या हाताला मात्र ती खुबी. भांडं उलट्या बाजूनं गॅसवर धरायचं. कोमट झालं, की कोपऱ्याला नख लावायचं — सर्रकन अख्खा कागद हातात! चिकटा उरलाच, तर खोबरेल तेल. चाळीस वर्षांत बाईंनी हजारो भांडी अशी मोकळी केली. गिऱ्हाईक म्हणायचं, "काकू, तुमच्या हातात जादू आहे."

आणि यांच्या घरात सून आली — शाल्मली. गुणी मुलगी. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका. ज्या लेकरांना जन्मापासून ऐकू येत नाही, त्यांच्या कानाला यंत्र लावून, त्यांचा हात आपल्या गळ्याला लावून, ओठ दाखवून, फुंकर दाखवून — बोलायला शिकवायचं. सोपं नव्हे, मंडळी! आमच्या हरबाजींना मी वीस वर्षं सांगतोय, अभंग संपला की तबला थांबवा — यांना ऐकू येतं, तरी कळत नाही! आणि तिथं तर ऐकूच येत नाही. एक "प" यायला चार-चार महिने.

तर या शाल्मलीकडे एक लॅपटॉप. सहा वर्षांचा जुना. काळपट राखाडी रंगाचा. आणि त्याचं झाकण... काय सांगू! स्टिकरांनी गच्च भरलेलं! मासा, फुगा, बस, बॅट. सफरचंदावर असतो ना तो गोल कागद, तोसुद्धा! काडेपेटीचं लेबल. बिस्किटाच्या पुड्यावरनं कापलेलं बाळ. एक चित्र तर चक्क भाताच्या शितानं चिकटवलेलं! वाकडंतिकडं, एकावर एक. कडा फाटलेल्या, कडांना मळ बसलेला.

मालिनीबाईंना ते बघवायचं नाही. पण सुनेची वस्तू. सासू असूनही तीन वर्षं बोलल्या नाहीत. याला म्हणतात तप!

पण एक दिवस नणंदबाई आल्या. आणि नणंदबाई काय म्हणाव्यात? "वहिनी, सुनेचा कंप्यूटर की पानटपरीचं शटर गं हे?"

लागलं! इथं लागलं!

आणि दिवस कोणते? नवरात्राचे. उद्या खंडेनवमी. खंडेनवमीला काय करतो आपण? ज्यावर आपलं पोट चालतं, त्या हत्याराची पूजा. शेट्यांच्या घरी तराजू मांडतात, अण्णांची हातोडी मांडतात, निनादची मोटरसायकल धुऊन दारात उभी. मालिनीबाईंनी अष्टमीला सकाळी विचार केला — सुनेचं हत्यार कोणतं? हा लॅपटॉप! हासुद्धा पूजेला मांडायचा. पण असा? हळद-कुंकू वाहायचं कुठं? फुग्यावर?

शाल्मली त्या दिवशी घरात नव्हती. शाळेतल्या मुलांना कानाच्या तपासणीसाठी सांगलीला घेऊन पहाटेच गेली होती. लॅपटॉप टेबलावर. मालिनीबाईंनी पदर खोचला.

आता सांगा, बाईंच्या मनात वाईट होतं का? तिळाएवढंसुद्धा नाही! त्या मला स्वतः म्हणाल्या, "बुवा, माझ्या मनात एवढंच होतं — पोरगी संध्याकाळी दमून येईल, बघेल, आणि हसेल."

हे लक्षात ठेवा. नंतर निवाडा करायचाय तुम्हाला.

तर बाई बसल्या. गॅसवर धरला नाही, घाबरू नका! तेवढं कळतं त्यांना. सुनेचं केस वाळवायचं मशीन घेतलं. गरम वारा सोडला. कोपरा सैल झाला, नख लावलं. पहिला सर्रकन निघाला. दुसराही निघाला. मग आली ती चिवट जात! वरचं चित्र सोलून यायचं, खालचा पांढरा कागद तसाच. त्यावर खोबरेल तेल, तेलावर कापूस, अर्धा तास मुरत ठेवायचं. मग अण्णांचं एटीएम कार्ड घेऊन तिरकं, हलक्या हातानं ढकलत जायचं. तरीही बोटाला चिकचिक? कणकेचा गोळा घेतला! गोळा दाबायचा, उचलायचा, दाबायचा, उचलायचा — चिकटा सगळा कणकेला. शेवटी फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून, घट्ट पिळून पुसायचं. पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही, हे निनादनं कधीतरी सांगितलं होतं, तेही पाळलं.

सहा तास, मंडळी! दुपारचं जेवण नाही. अष्टमीचा उपास होता, ते सोडा — पाणीसुद्धा नाही! कंबर धरली. नखं दुखायला लागली. पण झाकण? आरसा! नवं कोरं! सगळा कचरा, तो तेलाचा कापूस, ते कणकेचे गोळे, सोललेली चित्रं — सगळं कागदात गुंडाळून बाईंनी घंटागाडीत टाकलं. कचराकुंडीसुद्धा धुतली. ती जातच तशी!

संध्याकाळी शाल्मली आली. मालिनीबाईंनी लॅपटॉप पाटावर ठेवला होता, तराजूच्या शेजारी. बाजूला झेंडूचं फूल. आणि स्वतः दाराआड उभ्या राहिल्या, सुनेचं तोंड बघायला.

शाल्मली आत आली. चप्पल काढली. पाटाकडे बघितलं.

आणि उभीच राहिली.

"आई," ती म्हणाली, "हा कुणाचा?"

"अगं कुणाचा म्हणजे? तुझाच! ओळखू येईना ना?" मालिनीबाई हसत बाहेर आल्या. "सहा तास लागले बाई! पण एक ठिपका ठेवला नाही!"

शाल्मली पुढं गेली. झाकणावर तळहात ठेवला. असा, पूर्ण. आणि मग तिच्या डोळ्यांतून जे पाणी लागलं ते थांबेना.

मालिनीबाईंचं हसू तोंडावरच थिजलं. "अगं, काय झालं? ओरखडा पडला का?"

"नाही."

"बंद पडला?"

"नाही, आई."

"मग तेलाचा वास येतोय का? उद्यापर्यंत जाईल तो."

"काढलेलं कुठं आहे?"

"काढलेलं? घाण होती ती. घंटागाडीत गेली."

"त्यात एक टोमॅटो होता, लाल. डाव्या कोपऱ्यात. तो नीट निघाला होता का? अख्खा?"

मालिनीबाई आठवायला लागल्या. टोमॅटो? होता का? लाल काहीतरी होतं... की तो फुगा होता? सहा तास, मंडळी, सहा तास बाईंची नजर त्या झाकणावरून हलली नव्हती. आणि त्यांना एक चित्र आठवेना! चिकटा आठवत होता. कोणत्या कोपऱ्यानं किती छळलं, ते आठवत होतं. टोमॅटो? नाही आठवला.

शाल्मली आत निघून गेली. चिडली नाही, भांडली नाही, दारसुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं! सासूला भांडण कळतं हो, हे काय?

निनाद दुकानातून आला. त्याला वाटलं, वस्तू बिघडली. म्हणाला, "अगं, नवीन घेऊ आपण." शाल्मली आणखीनच रडली. निनाद गोंधळला. अण्णा आले, ते म्हणाले, "अरे पण छान दिसतंय की!" मग सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णाही गोंधळले. घरात चार माणसं, आणि काय झालंय हे रडणारी सोडून एकालाही धड कळेना!

जेवणं झाल्यावर मालिनीबाई सुनेच्या खोलीत गेल्या. पलंगाच्या कडेला बसल्या. "शाल्मली, मला कळेल असं सांग. मी घाण काढली. तू रडलीस. मधलं मला दिसत नाही. ते सांग."

तेव्हा शाल्मलीनं सांगितलं.

शाळेत लेकरू येतं. एक शब्द नाही. वर्ष जातं, कधी दोन वर्षं जातात. मग एक दिवस त्याच्या तोंडून पहिला शब्द येतो — स्पष्ट, दुसऱ्याला कळेल असा. कुणाचा "मासा". कुणाचा "बस". त्या दिवशी ते लेकरू त्या शब्दाचं चित्र आणतं, आणि बाईंच्या लॅपटॉपवर लावतं. "हा नियम मी केला नाही, आई. पहिल्या वर्षी एका मुलीनं आपलं आपण लावलं, मग सगळेच लावायला लागले. तेवीस होते."

मालिनीबाईंनी आपल्या नखांकडे बघितलं. "आणि... टोमॅटो?"

"नाझनीन मुल्ला. आठ वर्षांची आहे. तीन वर्षं तिनं आवाजच काढला नव्हता. यंदाच्या श्रावणात म्हणाली. तिचे आजोबा मंडईत भाजी विकतात. त्यांच्या क्रेटवरचं चित्र तिनं ओलं करून सोलून आणलं होतं."

"अगं, मग हे सांगायचं नाहीस का मला? तीन वर्षं!"

"तुम्ही कधी विचारलंत का, आई?"

थांबा. इथं थांबतो मी. हरबाजी, तुम्हीही थांबा.

करा निवाडा! चूक कुणाची? सांगितलं नाही तिची, की विचारलं नाही तिची? हात वर करा बघू. सून चुकली म्हणणारे? ... बऱ्याच सासवा आल्यात आज! सासू चुकली म्हणणारे? ... अहो ताई, हात वर करा की, सासूबाई पुढच्या रांगेत आहेत म्हणून अर्धाच केलात होय! आणि पुरुषमंडळी? एकाचाही हात नाही. शहाणे आहात!

बरं, मलाही सांगता येत नाही. पुढं ऐका.

खंडेनवमी झाली, दसरा झाला. सोनं वाटलं, सगळ्यांना "सोन्यासारखे राहा" म्हणून झालं. घरात बोलणं चालू होतं — मीठ दे, दार लाव, एवढंच. दसऱ्याच्या रात्री मालिनीबाई सुनेला म्हणाल्या, "उद्या तुझी शाळा आहे ना? मी येते."

"कशाला?"

"त्या लेकरांना सांगते. मी केलंय, मीच सांगणार."

"आई, त्यांना ऐकू येत नाही."

"मग कसं सांगू?"

शाल्मली म्हणाली, "मलाही नाही माहीत."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागं बसून मालिनीबाई शाळेत गेल्या. जन्मात पहिल्यांदा! घरापासून दीड किलोमीटर, आणि तीन वर्षांत शाळेचं फाटक बघितलं नव्हतं.

व्हरांड्यात सतरंजी. मुलं धावत आली. तेवीसांतली बारा आता पुढच्या शाळांत गेलेली, अकरा इथंच होती. शाल्मलीनं पिशवीतून लॅपटॉप काढला — आणि सगळ्यांचे हात थांबले. ती मुलं हातांनी बोलतात ना. त्यांचे हात थांबणं म्हणजे आपल्याकडं सगळा मंडप एकदम गप्प होणं!

एका मुलानं बोटांनी विचारलं. शाल्मलीनं अर्थ सांगितला, "विचारतोय, चोरी झाली का?"

मालिनीबाई पुढं आल्या. साठ वर्षांची बाई, पेठेत जिला लोक वाकून नमस्कार करतात, ती सतरंजीवर मांडी घालून बसली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग झाकणावर फडकं फिरवल्यासारखा हात फिरवला. घासून दाखवलं. पुन्हा छातीवर हात. मी. मी पुसलं.

मुलं बघत राहिली. त्यांना राग आला का? रडली का? बाई म्हणाल्या, "बुवा, कळलंच नाही मला. मला चेहरे वाचता येत नव्हते."

कार्तिकी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. तिनं लॅपटॉप उचलला, व्हरांड्याच्या कडेला उन्हात नेला, आणि असा तिरका धरला. आणि एकदम पाय आपटले! फरशी थरथरली, तीच त्यांची हाक! मुलं तिकडे धावली. मालिनीबाईही उठल्या.

काय दिसावं? सहा वर्षं ते झाकण उन्हातान्हात फिरलेलं. उघड्या जागेचा रंग विटलेला. पण चित्राखालचा रंग? मूळचा, गडद! तिरक्या उन्हात झाकणावर आकार दिसत होते. पुसट, पण दिसत होते. हा मासा, ही बस! कार्तिकी आपल्या माशावर बोट ठेवून नाचायला लागली. प्रत्येकानं आपला आकार शोधला, बोट ठेवलं, आणि शब्द म्हटला. कुणाचा अर्धा, कुणाचा बोबडा. मासा! बस! फुगा! तो गलका, मंडळी... बाई म्हणाल्या, अशी आरती मी ऐकली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, झालं! देव पावला! संपलं आख्यान!

नाही. नाझनीन राहिली.

नाझनीन डाव्या कोपऱ्यात बोट फिरवत होती. तिचा टोमॅटो श्रावणातला. दोन महिन्यांत रंग कितीसा विटणार? तिथं काहीच नव्हतं. सपाट. ती लॅपटॉप इकडून तिकडून तिरका करून बघत होती. पुन्हा बोट. पुन्हा काही नाही. मग तिनं बोट काढून घेतलं, आणि हात फ्रॉकच्या खिशात घातले.

ज्यांचे हात हीच जीभ आहे, त्यांनी हात खिशात घातले म्हणजे काय, हे मालिनीबाईंना न सांगता कळलं.

त्या सुनेकडे वळल्या. "शाल्मली, 'तुझं काय होतं' असं हातानं कसं विचारायचं?"

शाल्मलीनं तीन दिवसांत पहिल्यांदा सासूकडे नीट बघितलं. करून दाखवलं. बोट समोरच्याकडे, मग तळहात उघडा, आणि भुवया अशा वर.

मालिनीबाईंनी केलं. चुकलं! सगळी मुलं फिदीफिदी हसली. शाल्मली म्हणाली, "आई, तुम्ही विचारलंत, 'तू पाऊस आहेस का?'" पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. नाझनीनसमोर गुडघे टेकून, भुवया उंच करून, ही बाई विचारतेय — तुझं काय होतं?

बाईंना माहीत होतं, टोमॅटो होता. तरी विचारलं.

नाझनीननं खिशातून हात काढले नाहीत. बघत राहिली. बाईंचे गुडघे दुखायला लागले, पण उठल्या नाहीत. मग पोरीनं ओठ मिटले. श्वास घेतला. मान ताठ केली, आणि —

"ट...मा...टा!"

व्हरांडा घुमला! आपला आवाज केवढा झाला, हे तिला कसं कळणार? रस्त्यावरचा सायकलवाला थांबून बघायला लागला!

"टमाटा!" मालिनीबाई ओरडल्या. "अगं शाल्मली, टमाटा म्हणाली! मला कळलं! मला स्वच्छ कळलं!" आणि त्यांनी दोन्ही हातांनी हवेत टोमॅटो केला, चिरला, कोशिंबीर केली, खाल्ली! नाझनीन बघतच राहिली. मग पुन्हा म्हणाली. मग पुन्हा. बाई सांगतात, पंधरा वेळा म्हणाली.

घरी येताना मालिनीबाई पुन्हा स्कूटरवर मागं बसल्या. गतिरोधक आला तेव्हा सून एवढंच म्हणाली, "आई, नीट धरा." मालिनीबाईंनी तिच्या खांद्याला धरलं.

ही गोष्ट बाईंनी मला सांगितली ती कार्तिकातल्या कीर्तनानंतर. लोक निघून गेले होते. त्या म्हणाल्या, "बुवा, मी चुकले ना?" मी म्हणालो, "हो." त्या म्हणाल्या, "पण मी गेले नसते पुसायला, तर त्या शाळेची पायरी कधी चढले असते?" मी म्हणालो, "नाही." "मग चुकले म्हणजे काय झालं?" — आता सांगा, काय उत्तर देऊ? मी म्हणालो, "तुम्हाला सुनेनं क्षमा केली का?" त्या म्हणाल्या, "ते मला कळलं नाही, बुवा. अजून विचारलं नाही. पण आता दर शुक्रवारी जाते मी शाळेत. बारा खुणा आल्या मला. त्यांतल्या चार उलट्या होतात."

मंडळी, मी आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही म्हणाल, बुवा, मग घाण तशीच ठेवायची का? नवऱ्याचा राग, सासऱ्याची विडी, पोराचा आळस — काढायचं नाही? मला विचारू नका, मी सांगितलं होतं सुरुवातीलाच! काही चिकटलेलं काढावंच लागतं. पण कोणतं? हे लांबून कळत नाही, आणि घासून तर मुळीच कळत नाही.

आज घरी जाल. घरात एक माणूस असेल, ज्याची एखादी गोष्ट तुम्हाला वर्षानुवर्षं खटकतेय. बापाची फाटकी टोपी असेल. जावयाची एक विचित्र सवय असेल. तुम्ही ती सुधारणार आहात — दिवाळीपर्यंत, निवडणुकीपर्यंत, तो मरेपर्यंत! सुधारा. पण हात लावायच्या आधी शेजारी बसा आणि म्हणा, "हे काय आहे, मला सांग." आणि मग गप्प बसा. गुडघे दुखेपर्यंत गप्प बसा! उत्तर लगेच येत नाही. कुणाकुणाला तीन वर्षं लागतात.

हरबाजी, धरा ठेका. ज्याच्या हृदयात सगळ्यांची न बोललेली बोलणी जमा आहेत, त्या पांडुरंगाचा गजर करू या. बोला, आणि मोठ्यानं बोला! तुम्हाला आवाज दिलाय त्यानं!